थाप मारली की चालणारा सेट: साठीनंतरचं सोल्डरिंग आणि परत परत सुटणारा जोड

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ते ओळखीचं वाटलं तरच पुढे वाचा. पेटी उघडी असेतोवर घरी जोडलेला हॅम रेडिओचा सेट झकास चालतो. झाकण लावून चार स्क्रू पिळले की अर्ध्या तासात रिसीव्हर बहिरा होतो. पेटीवर एक थाप मारली की आवाज परत येतो. दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या नेटवर, म्हणजे हॅम मंडळींच्या हवेतल्या बैठकीत, कुणीतरी सांगतं, "ओएम (ओल्ड मॅन, आमची एकमेकांना हाक), तुमचा सिग्नल मधूनच पार खाली गेला." तुम्ही झाकण काढता, संशय येईल त्या दोन-चार जोडांवर आयर्न फिरवता, सेट चालतो, झाकण लावता. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

माझा सेट ४० मीटर तरंगलांबीच्या बँडचा, पाचेक वॉटचा, घरी जोडलेला. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स या रेडिओ सेटची जी रचना सगळ्यांसाठी खुली केली, त्याच घराण्यातला. सर्किटमध्ये खोट नाही, त्यावर जगभर लोक बोलतात. खोट माझ्या जोडांत होती आणि हे कबूल करायला मला चार महिने लागले. वय ७१. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं व्हायचंय. साखर आहे. उजवा हात बारीक थरथरतो, चहाचा कप बशीवर वाजतो इतपत.

पहिल्यांदा मी व्हॉल्यूमचा पॉट बदलला. दुसऱ्यांदा रिले बदलला, कारण थाप मारल्यावर चालतं म्हणजे रिलेच, असं आम्हा जुन्या लोकांच्या डोक्यात बसलेलं असतं. तिसऱ्यांदा वैतागून अख्ख्या बोर्डावरचे जोड एका बैठकीत पुन्हा तापवून काढले. हे तेवढं करू नका. बरे असलेले जोड त्या दिवशी दोन ठिकाणी बिघडले, एका ठिकाणी शेजारच्या ट्रॅकला सोल्डरचा पूल झाला, आणि मूळ दोष जिथल्या तिथे राहिला.

दोष होता अँटेनाकडच्या लो-पास फिल्टरच्या (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा भाग) मधल्या टोरॉइडच्या, म्हणजे कड्यावर गुंडाळलेल्या कॉइलच्या, एका टोकाला. पाठवताना आणि ऐकताना, दोन्ही वेळेला सिग्नल त्या फिल्टरमधूनच जातो, म्हणून दोन्ही एकदम बसत होतं. हे सुरुवातीलाच ध्यानात घेतलं असतं तर पॉटचे पैसे वाचले असते. वरून जोड चकचकीत, उतरत्या कडांचा, पुस्तकात छापावा असा. पण तारेवरचं इनॅमलचं आवरण आतल्या बाजूला निघालंच नव्हतं. सोल्डर तारेभोवती बसलं होतं, तांब्याला शिवलं नव्हतं. जो काही संपर्क होता तो तारेच्या कापलेल्या टोकाच्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या भागातून. पेटी आतून गरम झाली की तोही सुटायचा.

मग मल्टिमीटरने आधी का सापडला नाही? कारण मीटरची बीप प्रत्येक वेळी वाजत होती. थरथरणारा हात प्रोब जोरात दाबतो, दाबला की तार हलते, हलली की संपर्क होतो. मीटर खरंच सांगत होतं. दाबलेला जोड जोडलेलाच होता.

आधी काडी, मग आयर्न

म्हणून माझा पहिला नियम असा, की थापेचा सेट आला की आयर्न तापत लावायचंच नाही. आधी उदबत्तीची काडी घ्या. जळून गेलेल्या उदबत्तीची खालची बांबूची काडी उत्तम. वीज वाहत नाही, टोक बारीक आणि लवचीक असतं, जोराने दाबली तर मोडते, म्हणजे जास्त दाबताही येत नाही. सेट चालू ठेवा, बँडवरचा नुसता खरखराट ऐकत राहा आणि एकेका भागाला काडीने हळूच बाजूला ढकला. ज्या भागाला लागल्यावर खरखराट चढतो-उतरतो तिथे मार्करने ठिपका द्या. लगेच दुरुस्त करू नका. अख्खा बोर्ड संपवा. माझ्याकडे तीन ठिपके पडले आणि त्यातले दोन मी 'दुरुस्ती'च्या दिवशी स्वतः तयार केलेले होते.

काडीने काही सापडलं नाही तर केस वाळवायचा ड्रायर दोन वितींवरून, कमी गरमवर. जो भाग गरम झाल्यावर आवाज जातो, त्या परिसरातच जोड आहे. मीटर लावायचं तर प्रोब हातात धरू नका, चिमट्यांच्या वायरी लावा आणि दुसऱ्या हाताने काडी हलवा. टोरॉइड तपासताना चिमटे तारेवर लावू नका, बोर्डाच्या खालच्या बाजूला पॅडला जोडलेल्या पुढच्या भागांच्या पायांवर लावा. नाहीतर तुम्ही तारेपासून तारेपर्यंत मोजता आणि मधला खोटा जोड बाजूलाच राहतो.

पाठवून बघायचं असेल तर अँटेना नको, डमी लोड लावा. १ किलोओहमचे १ वॉटवाले २० रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहम आणि २० वॉट होतात, एवढ्या सेटला ते भरपूर. लोड न लावता पाठवायची कळ दाबली तर आयआरएफ५१० हा शेवटचा मॉसफेट ट्रान्झिस्टर निकामी व्हायला वेळ लागत नाही. आणि त्याचा मागचा पत्रा म्हणजे ड्रेन, त्याच्या तीन टोकांपैकी एक, त्यावर सप्लायचा विजेचा दाब असतो. हीटसिंक पेटीला टेकत असेल तर मधला अभ्रकाचा तुकडा जागेवर आहे ना, ते पाहून मगच झाकण लावा. झाकण लावल्यावर बंद पडणाऱ्या काही सेटांचं कारण एवढंच निघतं.

इनॅमलची तार: निम्म्या तक्रारींचं मूळ

हा भाग लांबणार आहे, पण घरी जोडलेल्या सेटांतले जे दोष माझ्या टेबलावर आले, त्यांतले निम्मे तरी इथलेच निघाले.

वाइंडिंगच्या तारेवरचं आवरण एकाच जातीचं नसतं. पॉलियुरेथेनचं आवरण असलं तर ३५०-३९० अंशांचं टोक आणि ताजं सोल्डर लावल्यावर ते जळून जातं, धूर येतो, तार आपोआप पांढरी होते. किटबरोबर येणारी तार बहुधा या जातीची. पण आपण करतो काय, की कॉइल बिघडलं की कोपऱ्यावरच्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून चार हात तार आणतो. तो देतोही आनंदाने, पैसेसुद्धा घेत नाही. ती तार मोटर तापली तरी आवरण टिकावं म्हणून बनवलेली असते. सोल्डरिंग आयर्नला ती दाद देत नाही. तुम्ही पाच सेकंद धरा नाहीतर पंधरा, सोल्डर तिच्यावर बसल्यासारखं दिसेल आणि आत आवरण तसंच राहील. वर पॅड उचकटेल ते वेगळंच.

तार कुठलीही असो, टोक बोर्डात घालण्याआधी खरवडा. ब्लेडची धार तारेवर आडवी धरून तार गोल फिरवत ओढा, मग बारीक पॉलिश पेपरची घडी करून त्यातून तीन-चारदा ओढून काढा. लायटरने जाळायची पद्धत मीही वापरत असे. त्याने आवरण जातं, पण तांबं काळं पडतं आणि पुन्हा घासावंच लागतं. त्यानंतर टोकाला सोल्डर चढवून घ्या. पूर्ण गोलाई पांढरी दिसली पाहिजे. इथे आमच्यासारख्यांची फसगत होते. तारेची पुढची बाजू पांढरी दिसते आणि मागची बाजू आपण फिरवून बघतच नाही, कारण बघण्यासाठी चष्मा बदलावा लागतो. फिरवा. मग त्या दोन पांढऱ्या टोकांमध्ये मीटर लावून बीप घ्या आणि नंतरच कॉइल बोर्डात घाला.

लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा, तो आठवा. भांडं तापवायचा, नवसागर टाकून घासायचा, आणि मगच कथील फिरवायचा. मळक्या किंवा थंड पितळेवर त्याने कधी कथील वाया घालवलं नाही. सोल्डरमध्येही कथीलच आहे आणि नवसागराचं काम इथे राळ करते.

तीन तारा एकत्र पिळून गुंडाळायचा ट्रान्सफॉर्मर असेल तर तांबडी तार आणि तांब्याच्या रंगाची तार ट्यूबलाइटखाली मला वेगळी दिसत नाही. मी गुंडाळण्याआधीच टोकांना गाठी मारतो: पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला काही नाही. दुसऱ्या बाजूला कोणतं टोक कुणाचं ते मीटरने ठरवायचं, डोळ्याने नाही.

डोळे

आपण हाताला दोष देतो, पण निम्म्या वेळा हात चुकत नाही, डोळा चुकतो. जोड नीट दिसत नसला की माणूस आयर्न घाबरत टेकवतो आणि लवकर उचलतो. तेवढ्याने सोल्डर वितळतं, पण पॅड तापत नाही.

हिशेब सोपा आहे. लांबचं बिनचष्म्याने स्वच्छ दिसत असेल, म्हणजे मोतीबिंदूनंतर लांबच्या नजरेचं भिंग बसवलेलं असेल, तर १०० ला चष्म्याच्या नंबराने भागा. जे उत्तर येईल तितक्या सेंटीमीटरवर तुम्हाला स्पष्ट दिसतं. वाचायचा चष्मा +२.५ चा, म्हणजे ४० सेंटीमीटर, वर्तमानपत्राला ठीक. बोर्डावरचा जोड बघायला २० ते २५ सेंटीमीटर हवेत, म्हणजे +४ किंवा +५. असा चष्मा फक्त टेबलावर ठेवण्यासाठी वेगळा करून घ्या. लांबचा नंबर असेल तर तो यात मिळवून घ्यावा लागतो, चष्मेवाल्याला अंतर टेपने मोजून सांगा. "जवळचं काम करतो" एवढंच सांगितलंत तर तो पुन्हा वर्तमानपत्राचाच चष्मा देईल. उणे नंबरवाले यात नशीबवान: −३ वाल्याने चष्मा काढला की ३३ सेंटीमीटरवर त्याला फुकटात भिंग.

बायफोकल लावून सोल्डरिंग करू नका. खालच्या चकतीतून बघायला मान मागे टाकावी लागते, तासाभराने मान आणि हात दोन्ही कापायला लागतात.

दिवा लावलेलं टेबलाचं गोल भिंग बहुतेकांकडे असतं. ते ३ डायॉप्टरचं असेल तर पावणेदोन पटच मोठं दाखवतं, पण त्याचा खरा फायदा दिव्याचा आहे. त्याशिवाय एक दिवा बाजूने, जवळजवळ बोर्डाला समांतर पाडा. वरून पडणाऱ्या उजेडात चकचकीत जोड नुसता चमकतो. बाजूच्या उजेडात जोडाभोवतीची बारीक गोल भेग सावलीने उठून दिसते. ती दिसली की तिथेच ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड. मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघणं हा त्याहून सोपा उपाय, माझ्या नातीने शिकवलेला. यूएसबीचं सूक्ष्मदर्शक मात्र तपासायलाच वापरा. पडद्यावरचं चित्र हाताच्या किंचित मागे असतं, त्यात बघत आयर्न लावायला गेलं की टोक भलत्याच पायावर.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्याचं बाकी आहे, त्या मधल्या काळाबद्दल कुणी सांगत नाही. खोलीचा अंदाज जातो. आयर्नचं टोक जोडावर आहे असं वाटतं आणि ते दोन मिलिमीटर वर हवेत असतं. त्यावर माझा तोडगा असा: टोक आधी बोर्डाच्या रिकाम्या कडेला टेकवायचं आणि तिथून सरकवत जोडापाशी आणायचं. वरून उतरायचं नाही.

हात

हात थरथरतो म्हणजे सोल्डरिंग संपलं असं नाही. तीन गोष्टींनी फरक पडतो.

सगळ्यात मोठा फरक आयर्नच्या लांबीने. मूठ ते टोक जितकं लांब, तितकी थरथर टोकाला मोठी होऊन पोचते. आपली जुनी २५ वॉटची काठी टोकापासून जवळपास वीतभर मागे धरावी लागते. ज्यांच्या टोकातच हीटर असतो ती नवी आयर्न चार-पाच सेंटीमीटरवर, पेनासारखी धरता येतात. मी वर्षभर टाळलं, कारण जुनं आयर्न चालत होतं. आता जुनं फक्त जाड वायरींना.

दुसरं, मनगटं टेकवा. अर्धा किलो तांदूळ कापडी पिशवीत सैल भरून शिवून घ्या आणि दोन्ही मनगटांखाली एकेक ठेवा. फळीपेक्षा ते बरं, कारण मनगट त्यात रुततं.

तिसरं, दोन हातांनी तीन वस्तू धरणं सोडा. बोर्ड पकडीत अडकवा. कधीकधी मी उलट करतो, आयर्न पकडीत अडकवतो आणि वायर टोकापाशी नेतो. सोल्डरची तार रिकाम्या बॉलपेनच्या नळीतून ओवली की ती लवत नाही. भाग जागेवर धरायला चिकटपट्टी किंवा पोस्टर चिकटवायची निळी पुटी चालते. कणकेचा गोळा लावू नका. मी लावला होता. त्यात मीठ आणि पाणी, पॅड हिरवे पडले, वर मुंग्या आल्या. आणि सोल्डरची तार दातांत धरायची आमच्या पिढीची जी लकब आहे ती सोडा, त्यात शिसं आहे. काम झालं की साबणाने हात धुऊन मगच चहा.

चहावरून आठवलं, की चहा-कॉफीनंतरचा तास सोल्डरिंगचा नव्हे. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप घेतल्यावरही काही वेळ हात कापतो. साखरेची गोळी घेऊन जेवायला उशीर झाला असेल तर कापणारा हात म्हणजे साखर उतरल्याची खूण, तेव्हा आयर्न ठेवा आणि खाऊन घ्या. कामाला लागल्यावर कापणारा हात बहुतेक आपल्या वयाचा नेहमीचा प्रकार असतो. हात मांडीवर निवांत असताना, एकाच बाजूचा कापत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पेसमेकर असलेल्यांनी घोडा दाबायची ट्रान्सफॉर्मरवाली सोल्डरिंग गन छातीजवळ आणू नये, वापरायची की नाही हे आपल्या हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारावं.

साखरेमुळे बोटं बधिर झाली असतील तर आणखी एक. मला आयर्नचा चटका लागला तो वासावरून कळला. तेव्हापासून स्टँड नेहमी उजवीकडे, त्याच जागी, आणि त्याच्या शेजारी दुसरं काहीही नाही.

उष्णता आणि जुन्या सवयी

बारीक दिसत नाही म्हणून माणूस बारीक टोक विकत घेतो. हे उलटं आहे. सुईसारख्या टोकातून उष्णता जोडापर्यंत पुरेशी पोचत नाही, आणि आपण जास्त वेळ धरून बसतो. पायांचे भाग असलेल्या बोर्डाला सव्वादोन-अडीच मिलिमीटरचं चपटं टोक आणि ३५० अंश ठीक. बोर्डावरच्या ग्राउंडच्या तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला जोडलेला पाय असेल तर तापमान वाढवण्याआधी टोक मोठं करा.

सोल्डर कोणतं, यावर मी हट्टाने बोलतो. ६३/३७ घ्या, ६०/४० नको. ६३/३७ हे १८३ अंशांना वितळतं आणि त्याच तापमानाला एकदम गोठतं. ६०/४० गोठताना मध्ये काही अंश लापशीसारखं राहतं, आणि नेमका तेव्हाच हात हलला की जोड दाणेदार होतो. तरण्या हाताला फरक कळत नाही, आपल्याला कळतो. बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि चांगला जोडसुद्धा मळकट दिसतो, म्हणजे डोळ्याने पारखायचा जो एक आधार होता तोही जातो. नव्या तयार बोर्डावर काम करताना जुनं सोल्डर 'विक'ने, म्हणजे तांब्याच्या विणलेल्या पट्टीने, पूर्ण टिपून घ्या आणि मग आपलं लावा. भाग सहज निघावेत म्हणून बिस्मथचं कमी तापमानाचं सोल्डर मिळतं, ते वापरलंत तर त्याचा कणही मागे ठेवू नका. शिसं, कथील आणि बिस्मथ एकत्र आले की ९६ अंशांच्या आसपास वितळणारं मिश्रण होऊ शकतं, आणि हीटसिंकजवळचा जोड चालत्या सेटमध्येच मऊ पडेल.

आता सवयी. टोकाला कानस लावणे: जुनी टोकं नुसत्या तांब्याची होती, त्यांना कानस लागायचीच. आताच्या टोकांवर लोखंडाचा मुलामा असतो, एकदा कानस फिरवली की टोक संपलं. पितळी किसात पुसा आणि ठेवताना थोडं सोल्डर लावून ठेवा. टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन जोडापर्यंत नेणे: वाटेतच राळ जळून जाते, जोडाला मिळतं ते नुसतं धातूचं गोळं. टोक पाय आणि पॅड दोघांना एकदम टेकवा, मनात एक म्हणा, मग तार टोकाला नव्हे तर पॅडला लावा, दोन-तीन म्हणा, आधी तार काढा, मग आयर्न. जोडावर फुंकर मारणे, हा तर आमचा जन्मसिद्ध हक्क. मारू नका. छताचा पंखाही बंद. धूर खेचायला बाजूला छोटा पंखा तोंडापासून दूर वारा टाकेल असा लावा.

बाजारात डबीतली पेस्ट मिळते, नळाला आणि पत्र्याला लावतात ती. तिने सोल्डर झर्रकन धरतं आणि पावसाळ्यात तीच ट्रॅक खाते. पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला राळेचा फ्लक्स मिळतो, पेनातलासुद्धा. तोच आणा. आणि आयर्न तीन पिनांचंच, अर्थिंग खरोखर असलेल्या सॉकेटमध्ये. दोन पिनांच्या आयर्नची गळती मॉसफेटच्या गेटला पुरे होते.

पीएल-२५९ आणि पाऊस

हे पटकन. २५ वॉटच्या आयर्नने पीएल-२५९, म्हणजे अँटेनाच्या केबलचा कनेक्टर, सोल्डर होत नाही, कितीही वेळ धरा, आतलं प्लॅस्टिक वितळून मधली तार जाळीला टेकेल. ६० ते १०० वॉटचं जाड टोकाचं आयर्न, कनेक्टरच्या भोकांभोवतीचा निकेल कानशीने उघडा केलेला, आणि काम कमी वेळात. जून-जुलैनंतर केबलच्या आत पाणी गेलं की जाळी काळी पडते. काळ्या जाळीला सोल्डर धरत नाही, घासत बसू नका, तांबं चकचकीत दिसेतोवर केबल मागे कापा.

वाल्ववाले जुने सेट

८०७ या वाल्वचा जुना ट्रान्समीटर अजून कपाटावर असलेले लोक आहेत, आणि त्यात काहीतरी बदल करावासा वाटतो. त्यांच्यासाठी वेगळं सांगतो, कारण इथे चुकीचा जोड हा सगळ्यात छोटा धोका आहे. ८०७ च्या प्लेटवर ६०० ते ७५० व्होल्टपर्यंत दाब असतो आणि प्लग काढल्यावरही फिल्टरचे कपॅसिटर भरलेले राहतात. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची जुनी शान सोडा. १० किलोओहमचा १० वॉटवाला रेझिस्टर वीजरोधक नळी घातलेल्या चिमट्याच्या वायरीला लावून ठेवा, आधी एक टोक चासीला, मग दुसरं कपॅसिटरला, दहा सेकंद, आणि नंतर मीटरने खात्री. चालू सेटमध्ये प्रोब हातात धरून मोजणं आपल्या हातांनी आता बंद करावं. प्लग काढा, कपॅसिटर रिकामे करा, चिमटे लावा, हात बाहेर, मग चालू करा. घरात दुसरं कुणी जागं नसेल तर ती पेटी उघडूच नका.

एका वेळी एकच बदल

मॉडिफिकेशनचा मोह मोठा. डिजिटल डिस्प्ले, नवा व्हीएफओ (फ्रिक्वेन्सी बदलायचं सर्किट), वेगळा ऑडिओ फिल्टर, सगळं एकाच रविवारी. मग सेट बोलत नाही आणि कोणत्या बदलाने गेला ते कळत नाही. आपली स्मरणशक्ती आता बोर्ड आठवण्याच्या कामाची राहिलेली नाही. प्रत्येक बदलाआधी दोन्ही बाजूंचे फोटो, वहीत तारीख, कोणता भाग काढला आणि त्याचं मूल्य (किती ओहम, किती फॅरड), आणि बदलानंतर दोन दिवस सेट वापरून मगच पुढचा. काढलेला भाग प्लॅस्टिकच्या पुडीत घालून त्याच पानाला टाचतो. आमची ही त्या वहीला माझी पोथी म्हणते.

बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणाऱ्या (एसएमडी) बारीक चकत्यांच्या भागांबद्दल सारखं विचारलं जातं. ०८०५ मापाचा रेझिस्टर दोन मिलिमीटर लांब असतो. वर सांगितलेला चष्मा, बाजूचा दिवा आणि चिमटा असेल तर तो आपल्याला जमतो: एका पॅडवर थोडं सोल्डर, भाग सरकवून ते टोक चिकटवायचं, मग दुसरं टोक. ०६०३ जमेल, चिडचिड होईल. आठ पायांची एसओआयसी चिप, जिचे पाय १.२७ मिलिमीटरवर असतात, भरपूर फ्लक्स लावून जमते. एसआय५३५१ या फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या चिपसारखी अर्ध्या मिलिमीटर अंतराच्या पायांची चिप मी आता करत नाही. ती बसवलेला तयार तुकडा मिळतो, तो घेतो आणि त्याच्या जाड पायांना वायरी लावतो.

आणि ज्या बोर्डावर तसा पर्याय नसतो तो घेऊन मी कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोराकडे जातो. पहिल्यांदा जीवावर आलं होतं. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली बोर्ड ठेवला, गरम हवेने चिप उचलली, नवी बसवली, बघता बघता काम झालं, आणि मान वर न करता म्हणाला, "काका, इथला ट्रॅक तुम्ही जाळलाय, वायर टाकून देऊ का?" म्हटलं, टाक. आता जाताना पहिल्या पायापाशी मार्करचा ठिपका देऊन नेतो, कारण त्याला हा बोर्ड ठाऊक नसतो, आणि सर्किटचा तेवढाच भाग मोठ्या अक्षरात छापून नेतो. जाड वायरी आणि टोरॉइड मी घरी आल्यावर लावतो. त्याच्याकडे तांब्याची तार खरवडायचं ब्लेड नाही.

सेट गेले पाच आठवडे सलग चाललाय. झाकण सध्या दोनच स्क्रूंवर आहे, बाकीचे दोन टेबलावर डबीत ठेवलेत.